पोटखराबा

छत्तीस वर्षं मी मोजणीची साखळी ओढली
खानापूर तालुक्याच्या बांधाबांधावरून.
हद्दीचा दगड कुणी रात्रीत सरकवला
तर सकाळी मातीच्या रंगावरून कळायचा मला.
आता निवृत्त. विट्यात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत,
टेबलावर पुन्हा तोच जिल्हा, चौकोनांत कापलेला,
आणि चौकोनाचौकोनात पाखरं भरायची.

माणसं कळवतात.
"येरळेत शेकाट्या सात. एक लंगडा."
"साहेब, निळा पक्षी, तारेवर. नाव तुम्हीच घाला."
आळसंदचा एक किराणावाला शटर उघडायच्या आधी
रोज चिमण्या मोजतो:
चौदा, चौदा, तेरा, चौदा.
ते तेरा मी तसंच ठेवतो.
दप्तरात खाडाखोड केलेली मला खपत नाही.

दिवाळीपर्यंत नकाशा रंगला.
लांबून बघितला आणि हसू आलं.
पाखरं सगळी डांबरी रस्त्याकडेनं राहतात,
रविवारी जास्त,
चहाच्या टपरीपाशी तर दाटीवाटीनं.
उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार
अख्ख्या सांगली जिल्ह्यात एक पीस हलत नाही.
म्हटलं, पाखरांचं राहू दे,
आपल्या चपला कुठं कुठं झिजल्या
तेवढं मात्र चोख उतरलंय.

करगणीच्या पलीकडचा एक चौकोन पांढराफटक होता.
होळीनंतर गेलो. एस.टी.नं, पुढं पायी.
माळावर बिरा मेटकरी मेंढरं बसवून बसलेला.
"पाखरं? मग इचारायचं की आधी."
काठीच्या टोकानं त्यानं धाविकाची अंडी दाखवली,
खड्यांत खडे होऊन पडलेली,
माझ्या बुटापासून वीतभर.
नाव त्यानं वेगळंच घेतलं; मी दोन्ही लिहिली.
"पिल्लं निघंस्तवर कळप तिकडनं वळवतो,"
म्हणाला, आणि तंबाखू पुढं केली.
असल्या जमिनीपुढं मी आयुष्यभर
एकच शब्द लिहीत आलो होतो: पोटखराबा.

दुसरा चौकोन बलवडीच्या अलीकडचा, ओढ्याकाठचा.
तिथं रातवा.
दर पुनवेला नोंद, सलग नऊ वर्षं,
सगळ्या एकाच बाईंच्या: शमशाद मुलाणी, प्राथमिक शिक्षिका.
शेरा बहुतेक तोच,
'ऐकला, दिसला नाही.'
मागच्या भाद्रपदापासून नोंद नाही.
भाच्यानं बसवून दिलेल्या प्रोग्रॅमनं
चौकोन तांबडा केला,
'प्रजाती नाहीशी झाली असण्याची शक्यता.'
कोण नाहीसं झालं ते त्याला कुठल्या रकान्यात सांगू?

दफनाला गेलो होतो मी. नंतर त्यांच्या मुनीरनं
एक वही आणून दिली. शाळेची हजेरीवही,
मुलांच्या नावांच्या जागी पक्षी:
डोंबारी, पखुर्डी, माळटिटवी, रातवा.
पुढं हजर, हजर, गैरहजर, हजर.
हजर निळ्या शाईत.
गैरहजर सगळे पेन्सिलीनं.

काल पुनव नव्हती, वद्य चतुर्थी होती. तरी गेलो.
पुलावर स्कूटर लावली, दिवा मालवला.
शेवटचा ऊस तुटून गेलेला, पाचट जळल्याचा वास.
कारखान्याचा एक ट्रॅक्टर गाणं लावून गेला,
उतरणीपर्यंत ऐकू येत राहिला,
मग नुसता अंधार आणि माझे गुडघे.
नऊ वाजता चंद्र आला.
कुठंतरी टक् टक् वाजलं. पाण्याची मोटर.
दोन टिटव्या भांडल्या.
एक कुत्रं येऊन बघून गेलं.
सव्वादहापर्यंत थांबलो, कान पुढं करून,
वर्गात उशिरा येणाऱ्या पोराची वाट बघावी तसा.

घरी येऊन बाईंच्या शेवटच्या 'हजर'पुढं
'गैरहजर' लिहिलं.
पेन्सिल शोधायला वेळ गेला.
यंत्रात शून्य भरलं; तांबडा रंग तसाच राहिला,
पण निरीक्षकाच्या रकान्यात निदान कुणी तरी आहे.

परवा परत जायचंय.
बॅटरीचे सेल आणायला हवेत, आणि बसायला पोतं.