शेडमधला समुद्र

बडोद्याला समुद्र नाही.
आमच्या ऑफिसात आहे.
पत्र्याच्या शेडखाली, बावीस मीटर बाय चौदा,
सकाळी दहाला सुरू होतो
आणि सव्वापाचला मी त्याचा स्विच बंद करते.

लाटा उठवणारी फळी पुढे-मागे हलते.
तिच्या बिजागरीला दर शुक्रवारी ग्रीस लावावं लागतं,
नाहीतर भरती कण्हते.

काठाला एक शहर आहे,
खानविलकरांनी रिटायर होण्याआधी प्लायवुडमध्ये कापलेलं,
साठास एक या मापाने:
दीपगृह, सर्किट हाऊस, भजियाच्या लाऱ्या,
स्मशानसुद्धा विसरले नाहीत,
आणि पाण्याकडे तोंड केलेला
एक बोटभर बाक.

खरं शहर इथून एका रात्रीच्या बसवर.
तिथला किनारा दर पावसाळ्यात थोडा आत येतो.
बाक दोनदा उचलून मागे नेला, असं पत्रात होतं,
आणि खाली प्रश्न:
भिंत बांधावी, की वाळू भरावी?

आधी भिंत बांधून बघितली.
लाट आपटली, वळली,
आणि वळताना पायथ्याची वाळू घेऊन गेली,
उसने पैसे न मिळालेल्या पाहुण्याने
जाताना दारातली छत्री न्यावी तशी.
चौथ्या दिवशी खड्डा पडला
तो भिंतीच्या पलीकडे, माछीवाडाशी,
जिथलं पत्रात कुणी काहीच विचारलं नव्हतं.

मग वाळू. एकशे ऐंशी घमेली.
रेशलीबेन राठवा चाळणीला बसते.
बोडेलीच्या पुढची, ओरसंगच्या काठची.
पहिल्याच घमेल्यात तिने चिमूट उचलली,
अंगठ्याने बोटावर फिरवली,
गहू बघतात तशी,
आणि म्हणाली, आ तो अमारी छे.

मी ट्रकवाल्याची पावती काढून बघितली.
पावतीवर नदीचं नाव नसतं.
फेऱ्या असतात.

लहानपणी हातभर उकरलं की पाणी लागायचं, ती सांगत होती,
वाटीने घडा भरायचा, घाई नाही करायची,
घाई केली की गढूळ.
आता खाली नुसती काळी माती,
तिच्यात मशीनने केलेली डबकी,
एकात तिच्या दिराची म्हैस गेली.
हे सगळं चाळणी न थांबवता.

मग विचारलं, ही किती दिवस टिकणार?
इथे अकरा दिवस, म्हटलं. तिथे पाचेक पावसाळे.
मग?
मग परत भरायची.
कुठली?

फळी घरघरत होती.
मी पाण्याची पातळी वाचायला गेले,
जी मी दहा मिनिटांपूर्वीच वाचली होती.
परत आले तर ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली,
पहिले तर ती आपली आपणच जायची.
पुरात. चालत चालत.

अहवाल साहेबांनी लिहिला, मी टाइप केला.
भिंत नको. दर पाच वर्षांनी पुनर्भरण.
ट्रक इतके, खर्च इतका,
दाण्याचा व्यास मिलिमीटरच्या दोन दशांशांपर्यंत.
'स्रोत' या रकान्यात एकच शब्द: उपलब्ध.
त्या शब्दावर माझी बोटं अडखळली वगैरे नाहीत.
टाइप झाला. स्पेलिंगही बरोबर आलं.

शेवटच्या दिवशी टाकीतलं पाणी सोडून दिलं.
किनारा उघडा पडला, ओला, लांबच लांब,
बाकासमोर पुन्हा वीतभर वाळू.
खानविलकर असते तर एखादं माणूस कापून
तिथे बसवलं असतं.

रेशलीबेनने अर्धं घमेलं वाळू पिशवीत भरली,
माझ्यादेखत, न विचारता.
कशाला गं?
शेंगा भाजायला. अमारी रेतीमध्ये चांगल्या भाजतात, जळत नाहीत.
मी रजिस्टर उघडलं
आणि लाटांमुळे झालेली घट
अर्ध्या घमेल्याने वाढवून लिहिली.

सोमवारी कागदाच्या पुडीत शेंगा आल्या.
अजून कोमट होत्या.
तिसऱ्या की चौथ्या दाण्याला
दाताखाली कचकन काही लागलं.
समोर टाकी कोरडी, प्लायवुडचं शहर भिंतीशी उभं करून ठेवलेलं.
मी थुंकायला उठले,
आणि मग तशीच बसले,
जीभ त्या कणावर ठेवून.