वरचा टोमॅटो

किट्वेच्या बाजारात मी टोमॅटो वाट्यावर विकते.
चार खाली, एक वर. झाला वाटा.
पैसे देऊनही गिऱ्हाईक पिशवी उघडी धरून उभं राहतं,
बोलत नाही, हलत नाही,
मग मी आणखी एक टाकते.
त्याला आमच्याकडे म्बासेला म्हणतात.
तो हक्काचा नसतो. पण नाही दिला
तर उद्या गिऱ्हाईक चिलेशेच्या ओट्यावर.

माझ्या चिसांगाला नऊ वर्षं झाली.
सहा, केबल कापली म्हणून.
तीन, मॅजिस्ट्रेट म्हणाले, इतरांना धडा मिळावा म्हणून.
कोण हे इतर?
कागदात त्यांची नावं नाहीत.
त्यांची तीन वर्षं माझा पोरगा बसून काढणार.

धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणत नाही.
अकरा मीटर केबल. त्यावर आमच्याच वस्तीचा पंप चालायचा.
चार दिवस नळाला पाणी नव्हतं.
मीही रांगेत होते, पिवळी बादली घेऊन,
चोराला शिव्या घालत.
सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.
पाचव्या दिवशी पोलीस दारात आले,
तेव्हा बादली अजून भरायची होती.

ह्याच्या बापानं तीस वर्षं जमिनीखालून तांबं काढलं.
किती टन, कुणी मोजलं नाही.
शेवटी त्याच्या छातीचा फोटो तेवढा काढला.

अपिलाला एन्डोलाला गेले, पहाटेच्या मिनीबसनं.
मोफत मिळालेल्या वकीलबाई, नामुकोलो त्यांचं नाव,
बुटाला चिखल लागलेला, फाइलला रबरबँड.
म्हणाल्या, तो निर्दोष आहे असं आपण म्हणायचं नाही.
फक्त म्हणायचं, जास्त झालं.
मी म्हटलं, एवढंच?
त्या म्हणाल्या, एवढंच फार अवघड असतं.

आत पंखा फिरत होता, माणसं इंग्रजीत बोलत होती.
दुभाष्या माझ्या कानाशी, त्याच्या तोंडाला कांद्याचा वास.
जजसाहेबांनी विचारलं,
सहा बरोबर आणि नऊ जास्त, हे कशावरून?
बाईंनी जुने निकाल काढले.
लुआन्श्याच्या एकाला पाच. मुफुलिराच्या एकाला चार.
एकाला दहा होती, ती त्या पटकन उलटून गेल्या.
वय एकोणीस. पहिलाच गुन्हा. पहिल्याच दिवशी कबुली.
मला वाटलं, अरे, हा तर भाव चाललाय.
ह्या कामात माझा हात बसलेला आहे.
उठून सांगावं,
साहेब, वरचा एक काढा, वाटा तरीही वाटाच राहील.
दुभाष्यानं माझा दंड धरला. मी उठलेच होते वाटतं.

चिसांगा कठड्यामागं. केस भादरलेले, मान बारीक.
त्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं,
पाण्याच्या रांगेतल्या शिव्या त्याला कुणी सांगितल्या असतील का?

निकाल राखून ठेवला.
म्हणजे काय, मी विचारलं.
म्हणजे वाट बघायची, बाई म्हणाल्या,
आणि मिनीबसचे पैसे माझ्या हातात कोंबले.

परतीच्या वाटेवर एकच हिशेब सुटेना.
समजा काढली तीन. पण जास्तीची तीन कुठली?
वाट्यावरचा टोमॅटो शेवटी ठेवतात, म्हणून आधी उचलता येतो.
तो तर एक वर्ष आठ महिने बसून झालाय.
ते खालचे होते की वरचे?
त्याचं विसावं वर्ष कुठल्या वाट्यातलं?

आज दुपारी एक पोरसवदा बाई आली, पाठीला बाळ.
पैसे दिले, पिशवी उघडी धरली, उभी राहिली.
माझा हात टोमॅटोवर.
किती वेळ गेला कळलं नाही.
चिलेशे पलीकडून ओरडली,
अगं दे ना तिला, एकच तर आहे.