दोन मिनिटं

मंगळवारी मी एकटीच गेले.
शाळा चालू, आभाळ ओल्या पोतेऱ्यासारखं.
तिकिटाच्या खिडकीतली बाई म्हणाली, फक्त एक?
म्हटलं, आज रंगीत तालीम आहे.
तिला वाटलं मी नटी असेन.

पिशवीत एक वही, येल्लेचं घड्याळ,
फोनमध्ये आवाज मोजायची सोय.

दारापासून पहिल्या बाकापर्यंत
दोनशे चौदा पावलं, माझी.
त्याची तीनशेच्या घरात जातील,
फरश्यांच्या सांध्यांवर तो पाय देत नाही.
कारंज्यापाशी डावीकडे वळायचं.
उजवीकडे पाकातल्या वाफलचा वास
भिंतीसारखा उभा आहे.
गेल्या वर्षी झुटफेनच्या जत्रेत
त्या वासानंच सगळं फिसकटलं:
तो जमिनीवर, मी त्याच्यावर छत्रीसारखी,
आणि भोवती माणसं,
जी काही बोलली नाहीत
पण निघूनही गेली नाहीत.

स्वच्छतागृह: तळ्यामागचं चालेल.
तिथे हात पुसायला कागद आहे.
बाकी चार ठिकाणी ते गरम वारा ओकणारं यंत्र.
प्रत्येकाखाली हात धरून पाहिला.
शहाण्णव. शहाण्णव. एक्क्याण्णव. बंद.
बंद आहे ते दुरुस्त करणार का, विचारून ठेवलं.
डाउवे नावाचा म्हातारा झाडत होता तिथे.
म्हणाला, तुम्ही कधी येणार तेवढं सांगा,
तोवर मला स्क्रूड्रायव्हर सापडणार नाही.

मग तो लाकडी रोलरकोस्टर.
फेन्नाला एकदा तरी त्यात बसायचंय.
तसं ती बोलली नाही.
नकाशावर तेवढ्याच नावाखाली रेघ ओढली तिनं,
पेन्सिलीनं, पुसता येईल अशी.
म्हणून वेळ मोजायला बसले.
तीन दहाला दांडा छातीवर आला.
पुढच्या डब्यात दोन पोरं, कॉलेज बुडवून आलेली.

आमच्या घरात खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे आहेत.
दाराला घंटा नाही.
टेबलावर कप ठेवताना
आधी करंगळी टेकवतो, मग कप.
भांडणसुद्धा मी आणि वाउटर कागदावर करतो,
आणि कागद फाडत नाही,
फाडण्याचा आवाज होतो.

वर चढेपर्यंत मी सेकंद मोजत होते.
मग खाली काहीच नव्हतं
आणि कुणीतरी ओरडलं.
लांब, जाडं, गुरासारखं.
पोरांनी वळून पाहिलं
तेव्हा कळलं, कोण.

तीन बाराला उतरले.
बाकावर बसून, हात जरा थरथरत होते तरी,
पुढचं नीट लिहिलं:
होडी, सव्वातीन, रांग नाही, पाणी उडत नाही.

रात्री येल्लेनं वही वाचली,
ओळीखाली बोट धरून, एकही न गाळता.
तीन दहा ते तीन बारा काही नाही, तो म्हणाला.
आवाज होता.
किती?
मोजला नाही.
कोणाचा?
त्याच्यापुढे खोटं टिकत नाही.
माझा, म्हटलं.

तो बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला.
मी करंगळी टेकवली, कप ठेवला.
मग उठला, पेन्सिलीला टोक काढून आणलं,
आणि छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलं:

आई आणि फेन्ना ओरडतील.
मी तळ्यामागे, बाबाबरोबर,
निळे हेडफोन लावून, एकशेवीसपर्यंत.

वही माझ्याकडे सरकवली. परत ओढून घेतली.
खाली अजून एक ओळ:

एकशेवीस पुरतील का?