रात्रीचं दळण

वाल्दिव्हियात, नदीकाठच्या गल्लीत
मी दातांचे साचे ओततो.
माणसं मला आधी प्लास्टरमध्ये भेटतात,
चेहरे नंतर.

एदुविनाचा साचा हातात घेतला तेव्हाच कळलं,
ही बाई झोपेत दळण दळते.
सुळे बोथट, दाढा घासून सपाट.

वीज कंपनीच्या तक्रार कक्षात असते ती.
कानाला हेडफोन, दिवसभर शिव्या,
आणि उत्तर एकच : समजू शकते, साहेब.
नऊ तास मूग गिळायचे,
मग रात्री ते दाढेखाली येणारच.

पहिली पट्टी तिनं चार महिन्यांत भोक पाडून आणली.
"नवरा म्हणतो, शेजारी कुणी खडी फोडतंय."
हसली, पण गालावर हात धरून.

मी काही डॉक्टर नव्हे. एवढंच म्हटलं,
पहाटे आमच्या क्लबची होडी निघते,
ओस्वाल्दोचा गुडघा गेल्यापासून
तिसरी जागा रिकामी आहे.

वल्ही मारताना दात आवळून चालत नाही.
दहाव्या फटक्याला छाती हवा मागते,
जबडा आपसूक सुटतो,
धुकं थेट घशात.
पहिल्या दिवशी ती ओकली.
धक्क्यावरचे सागरसिंह जांभया देत बघत होते.
दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

काल, वर्षानं, दुसरी पट्टी तपासायला आली.
डावी बाजू जवळजवळ कोरी.
उजवीकडे एक चरा, खोल, ताजा.
मी बोट फिरवलं, विचारलं नाही.
तीच म्हणाली,
"मंगळवारचा आहे.
पगारवाढ मागून मागून दातांच्या कण्या झाल्या."

"मग?"

"उद्या साडेपाचलाच ना?"