काळोखाचा वाटा

रुंजी अडीच वर्षांची झाली आणि
एका मंगळवारी तिला काळोख दिसू लागला.
त्याआधी तो घरात होताच,
पण फ्रिजमागच्या पालीसारखा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आता दिवा मालवला की ती माझा अंगठा धरते
आणि कुजबुजते, "इलो."
कोण इलो?
"तो."

मी कॉटखाली बॅटरी मारून दाखवली:
एक चप्पल, प्लास्टिकचा खेकडा,
गणपतीत हरवलेला अर्धा टाळ.
दर्शनाने वेंगुर्ल्याहून झिरोचा बल्ब आणला, हिरवा.
त्या उजेडात खुंटीवरचा माझा रेनकोट
कुणीतरी उभं असल्यासारखा दिसायला लागला.
मीच दचकलो. बल्ब काढला.

शेजारचे कुबल मास्तर म्हणाले, दुर्लक्ष करा, रडून झोपेल.
एक रात्र केलं.
ती रडली नाही. नुसती जागी राहिली,
डोळे उघडे, बर्फातल्या सुरमईसारखे.
दुसऱ्या रात्री माझ्याच्यानं झालं नाही.

मग अवस आली.
चांदण्यात मासा जाळं पाहतो,
आमची मिळकत काळोखाची.
मी डबा उचलला, डिझेलचा कॅन उचलला,
आणि ती उंबऱ्यात आडवी पडली:
"तो बाबाक न्हेता."

एवढंच.
पंधरा दिवस मी कॉटखाली शोधत होतो.
आणि ज्याला ती भीत होती, त्याच्या मागोमाग
दर महिन्याला मीच निघून जात होतो,
डबा घेऊन, शीळ घालत.

त्या रात्री होडी तासभर थांबली.
तांडेल फोनवर शिव्या देत होता.
मी तिला खांद्यावर घेतलं, सुरूच्या बनातून पुळणीवर नेलं.
बॅटरी घरीच ठेवली.
आधी काहीच नव्हतं, नुसता लाटांचा आवाज.
मग हळूहळू एकेक गोष्ट तिला सापडत गेली:
ही होडी. हा दोर. हे बाबाचं नाक.
मी पाण्यात पाय घातला, निळसर ठिणग्या उडाल्या.
ती माझ्या केसांत तोंड खुपसून हसली
आणि एकदम गप्प झाली,
आपण कशाला आलो ते आठवून.

म्हटलं, सांग त्याला काय सांगायचं ते.

बराच वेळ ती समोर बघत राहिली.
मग फ्रॉकच्या खिशातून खाजाचा तुकडा काढला,
चोखून मऊ झालेला,
आणि हात लांब केला.
"घे. सकाळी बाबाक हाड."

कुणी घेतला नाही.
मीच घेतला, म्हटलं, पोचवतो.

जाळं टाकून झालं, इंजिन बंद केलं.
आमच्यात होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक,
मग माणसागणिक एकेक.
खिशात हात घातला. बोटांना गूळ, आल्याचा वास.
कुणाचं लक्ष नाहीसं बघून
खाजा पाण्यात सोडला.

घरी पोचलो तेव्हा फटफटत होतं.
ती झोपली होती, पाय भिंतीला लावून,
आणि खोलीत दिवा नव्हता.
दर्शना म्हणाली, तू गेल्यावर एकदाच विचारलं तिने,
"काळोख जेवलो?"