पाणी माझं, करंट त्याचा

नवतप्याचा तिसरा दिवस.
कूलरच्या जाळीला हात लागला
आणि कोपरापर्यंत कोणीतरी झिणझिणत चढलं.
मोरेश्वर म्हणाला, "चपला घालत जा ना."
म्हणजे त्याच्याकडून दुरुस्ती झाली.

रेवनाथला फोन केला.
"येऊनच राहिलो न ताई, पाच मिन्टं."
सक्करदऱ्याहून मानेवाडा.
ती पाच मिनिटं मंगळवारी सुरू झाली,
आज शुक्रवार आहे.

तोवर किराण्याच्या चिठ्ठीमागे हिशेब मांडला.
पंप नवा घेतला तर दोनशे ऐंशी.
रेवनाथचे तीनशे,
आणि उघडल्यावर तो जे "हेबी गेलं" म्हणेल
त्याचे किती, देव जाणे.
माझ्याकडे काय? एक टेस्टर,
एक पाना, आणि एक पेचकस
ज्याचं टोक लोणच्याच्या बरण्या उघडून वाकलंय.

नळाचा वॉशर मी तीनदा बदललाय.
पहिल्यांदा उलटा बसवला होता,
रात्रभर बादलीत थेंब मोजत झोपलो दोघं.

एकदा प्लंबर बोलावला होता. दारातच विचारलं त्यानं,
"साहेब नाहीत का?"
साहेब होते. शब्दकोडं सोडवत होते.
त्यानं साहेबांना सांगितलं, गळती कुठे आहे.
साहेबांनी मला सांगितलं.
मी दोघांना सांगितलं, मेन कॉक कुठे आहे.
त्या दिवसापासून पाणी माझं.

पाणी चूक पदरात घेतं,
फार तर फरशी पुसून घेतं तुमच्याकडून.
विजेला तेवढा धीर नाही.

पण हा पत्र्याचा डबा!
दोघांना एकाच खोलीत भाड्यानं ठेवलंय यानं.
खाली पाणी, वर तारा,
मध्ये ओल्या ताटीचा पडदा.
माझी हद्द नेमकी कुठे संपते,
हे कुणी खडूनं आखून दिलेलं नाही.

दुपारी दोन. रस्त्यावर कुत्रंही नाही.
प्लग काढला.
परत जाऊन पाहिलं. काढलेलाच होता.
परत पाहिलं.

ताटी उतरवली. बोअरच्या पाण्यानं
खस पांढरी, पापडासारखी कडक झालेली.
तळाशी गाळ, दोन झुरळं,
मागच्या वर्षी हरवलेली दाढीची वाटी.
आणि पंपाची वायर
जिथे पत्र्याच्या कडेवरून वळते, तिथे सोललेली,
वर काहीतरी चकाकणारं गुंडाळलेलं.
सेलोटेप.
राखीच्या पाकिटाला लावतात तो.

मी मागे वळून पाहिलं.
मोरेश्वर आडव्या चौथ्या शब्दात फार गुंतलेला होता.

पेचकस हातात होता. काळी टेपही घरात होती,
गुंडाळली असती तर पाच मिनिटांचं काम,
खरी पाच मिनिटं.
मी पेचकस खाली ठेवला.
वायरीला हात लावला नाही.
टाकी घासली, क्षार खरवडले,
ताटीत नवी खस भरली,
बोटांना कुसळं टोचली तेवढी टोचली.
रात्री गच्चीवर चादर ओली करून झोपलो.
ती वाळायच्या आत झोप लागायला हवी होती,
नाही लागली.

शनिवारी सकाळी रेवनाथ उगवला, मंगळवारचाच चेहरा घेऊन.
"हे कोणं केलं, ताई?"
आम्ही दोघंही पंख्याकडे पाहत राहिलो.
"अर्थिंगच नाही न याले. वाचले तुम्ही."
त्यानं वायर बदलली, हिरवी तार पत्र्याला कसली.
मी बॅटरी धरून उभी.
"शिकून राहिल्या का?"
"पाहून राहिले."

अडीचशे घेतले.
टाकी साफ होती, म्हणून पन्नास कमी.

मग कूलर सुरू करून
जाळीला उलट्या हाताची बोटं लावली, हळूच.
काही नाही. थंड पत्रा, तेवढंच.
"ये, लावून पाहा," मी म्हटलं.
मोरेश्वर दारातच उभा,
पायात चपला.