रद्द करण्याचे कारण

होटगी रोडच्या शोरूममध्ये
फॉर्मवर एकच ओळ मोकळी ठेवलीय त्यांनी:
रद्द करण्याचे कारण.
ओळ जेमतेम वीतभर.
रेवणसिद्ध, ज्यानं मागच्या गुरुवारी
माझी सही वाळायच्या आत पेढा भरवला होता,
आज टोपण काढून पेन पुढे सरकवतो
आणि टेबलाच्या काचेखाली बघत राहतो.

"काका, गाडी चाकणहून निघालीय.
पांढरी मिळत नव्हती. भांडलो तुमच्यासाठी."
भांडला असेल. पोरगा चांगला आहे.
त्याच्या या महिन्याच्या आकड्यात मी एक होतो.

व्याज लिहू?
व्याजाला कोण भितो, बत्तीस वर्षं उधारीचं सूत उचललंय.
गल्ली लिहू?
गल्ली भूदेवीनं शिवणाच्या टेपनं मोजली होती
यल्लप्पाच्या ओट्यापासून आमच्या नळापर्यंत.
आरसे मिटले तर गाडी बसत होती.
"म्हणजे घरी येताना मागचं काही बघायचं नाही,"
ती म्हणाली, आणि आम्ही हसलो होतो.

मुलगा पुण्याहून फोनवर:
पप्पा, सही झालीय, करार असतो तो,
अकरा हजारातले पाच कापतील.
कापू देत.
एक धागा चुकला तर अख्खा टॉवेल बाजूला काढतो आपण,
गिऱ्हाइकानं बघायच्या आधी.

खरं कारण त्या चकरेतलं आहे.
आसरा चौक गेला, विमानतळाच्या भिंतीपाशी रस्ता मोकळा झाला,
रेवणसिद्धनं काचा वर घेतल्या, एसी लावला
आणि सगळं थांबलं.
हॉर्न, रिक्षा, आणि ती खटखट
जी आमच्या भिंतीत आहे, ताटातल्या आमटीत आहे,
रात्री बंद पडली तर दचकून जाग येते,
तीसुद्धा.
माझ्याच नाकातली शिट्टी मला ऐकू आली.

बत्तीस वर्षं आम्ही मागांवरून ओरडत बोललो.
मीठ संपलं! पाणी आलं! लाइट गेली!
पोरगं पास झालं!
मायेचं काही असलं तरी त्याच पट्टीत,
दोनदा सांगावं लागायचं.
इथे हळू बोलायची सोय होती.
मी आरशात बघितलं.
मागच्या सीटवर तिनं तोंड उघडलं,
मिटलं,
पदर सारखा केला.
मी म्हणालो, "गार आहे ना."
ती म्हणाली, "आहे."
मग सहा किलोमीटर.

तरी सही केली मी. पेढाही खाल्ला.
त्या रात्री बॉबिन बदलताना
ती मागाच्या पलीकडून ओरडली: "वद्दु!"
काय नको?
"ती गाडी! वद्दु!"
दोनदा सांगितलं.

हे वीतभर ओळीत कसं बसवायचं?
रेवणसिद्धच म्हणतो,
"वैयक्तिक लिहा काका. सगळे तेच लिहितात."
लिहिलं.
खाली सही, मागच्या गुरुवारसारखीच,
फक्त वेलांटी जरा थरथरली.

बाहेर ऊन असं की स्कूटरची सीट तव्यासारखी.
भूदेवी निंबाखाली उभी, पदर डोक्यावर,
हातात माझं हेल्मेट.
किक मारली. तिसऱ्यांदा लागली.
ट्रकच्या मागून, धुरातून,
माझ्या कानाशी तोंड आणून ती ओरडली,
"किती कापले?"
ऐकू आलं होतं.
तरी मी विचारलं, "काय?"